द्वैतवाद म्हणताना दोन कोणते?

सांगलीहून प्रश्न आला आहे. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा अनुवाद चालू आहे. त्यात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या 'ड्युॲलिझम'साठी 'द्वैतवाद' लिहिले, तेव्हा एका जाणत्याने हरकत घेतली : द्वैत हे मध्वाचार्यांचे मत, देकार्तचा त्याच्याशी काय संबंध? मग शब्द कोणता वापरावा?

हरकत अगदी समजण्यासारखी आहे. सांगली-मिरजेकडे माध्व घराणी आहेत आणि त्यांच्या घरी द्वैत म्हटले की मध्वाचार्यांचे उडुपीच आठवणार. तरीही शब्द 'द्वैतवाद'च ठेवावा, फक्त तो मोकळा सोडू नये. दोन कोणते, हे त्याच्या आधी लिहावे.

'द्वीत' म्हणजे दोन प्रकारांना पोचलेले. त्याचा भाव ते 'द्वैत'. शब्दात दोनपणा आहे, पण कशाकशाचा ते शब्द सांगत नाही. तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांचे दोन म्हणजे स्वतंत्र आणि परतंत्र : विष्णू एकटा स्वतंत्र, बाकी सारे त्याच्या अधीन. त्यातून ते पाच भेद मानतात : ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड. संप्रदायात या मताला 'तत्त्ववाद' असेही म्हणतात. देकार्तने 1641 मध्ये मांडलेले दोन निराळे : विचार करणारे द्रव्य आणि जागा व्यापणारे द्रव्य. ईश्वर आणि जीव यांचे नाते हा तिथला मुद्दाच नव्हे. तिथे अडचण येते ती अशी, की ज्याला जागाच नाही ते मन हाताला हलवते कसे? बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने 1643 मध्ये पत्रातून त्याला नेमके हेच विचारले होते.

खरी गफलत होते ती सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाशी सांगड घालताना. सांख्यांची दोन तत्त्वे म्हणजे पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती (मूळ जड तत्त्व). पुरुष म्हणजे मन, प्रकृती म्हणजे शरीर असे सर्रास लिहिले जाते, आणि ते चुकीचे आहे. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांत बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच कार्ये आहेत. म्हणजे देकार्त ज्याला शरीरापासून तोडतो, ते मन सांख्य जडाच्या बाजूला बसवतात; पुरुष उरतो तो केवळ साक्षी. म्हणून मानसशास्त्रात 'मन-शरीर द्वैतवाद', सांख्यांसाठी 'प्रकृति-पुरुष द्वैतवाद' आणि मध्वांसाठी 'द्वैत वेदान्त' असे लिहिले की हरकतीला जागा राहत नाही.

दोन गोष्टी दिसल्या की द्वैतवाद झाला, असेही नाही. वाळव्यातला बागायती ऊस आणि जतची कोरडवाहू शेती यांना वर्तमानपत्री भाषेत 'सांगली जिल्ह्यातील द्वैतवाद' म्हणतील, पण म्हैसाळ सिंचन योजनेचे पाणी पोचले की जतचे शिवारही बदलते. द्वैतवादातली दोन तत्त्वे अशी एकमेकांत बदलत नाहीत आणि दोन्ही मिळून तिसऱ्या एखाद्या मुळातूनही निघालेली नसतात. हे दोन निकष लावून पाहावेत. शेतीच्या उदाहरणात 'विषमता' किंवा 'दुहेरी अर्थव्यवस्था' हे शब्द बसतात. माणसामाणसांत केलेल्या फरकाला आपल्याकडे 'दुजाभाव' आहेच. 'त्या दोघांत द्वैत नाही' या वाक्यात मात्र नुसते 'द्वैत' योग्य. तिथे 'वाद' जोडला तर एका साध्या नात्याचा सिद्धान्त होऊन बसतो.

'द्वंद्ववाद' हा वेगळाच शब्द. त्यात परस्परविरोधी बाजूंच्या संघर्षातून पुढची अवस्था निघते. मार्क्सचा द्वंद्वात्मक भौतिकवाद मूळ तत्त्व एकच मानतो, जडद्रव्य. म्हणून तो द्वैतवादाच्या विरुद्ध टोकाला आहे. अनुवादात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडले, तर परिच्छेदाचा अर्थ पार उलटतो, आणि मुद्रितशोधकाला ते दिसतही नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

विशेषण 'द्वैतवादी'. 'द्वैती' हे मध्वमताच्या अनुयायासाठी राखून ठेवावे; देकार्तला द्वैती म्हणू नये. आणि टंकताना आधी द, मग हलन्त, मग व. क्रम उलटला की 'व्दैत' उमटते, आणि ते पाट्यांवरच्या 'व्दारा'इतकेच अशुद्ध आहे.