टार, जीझिप आणि अर्धवट राहिलेले गाठोडे

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या छोट्या वाचनालयाच्या लिनक्स संगणकावर पुस्तकांच्या याद्या साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत आणि जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने जेपेग चित्रांच्या रूपात आहेत. दोन्हींच्या टार-जीझेड फाइली केल्या, तेव्हा याद्या खूपच लहान झाल्या, चित्रे मात्र जवळपास होती तेवढीच राहिली. चित्रांचे काम चालू असताना रात्री वीज गेली. सकाळी फाइल तयार दिसली म्हणून आम्ही मूळ फोल्डर काढून टाकले आणि आता ती उघडताना ‘फाइल मध्येच संपली’ अशा अर्थाचा संदेश येतो. काही वाचवता येईल का?

उत्तर : बरेचसे वाचेल. मात्र मूळ फोल्डर ज्या डिस्कवर होते, तिच्यावर तूर्त काहीही नवे लिहू नका, कारण पुसलेल्या फाइली परत मिळण्याची थोडीफार शक्यता त्यावरच अवलंबून असते. अर्धवट फाइलीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सर्व प्रयत्न त्या प्रतीवरच करा.

टार आणि जीझिप ही दोन वेगळी कामे आहेत. टार फक्त गाठोडे बांधतो. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तो आला तेव्हा माहिती चुंबकीय फितीवर ठेवली जाई आणि त्याची रचना आजही फितीसारखीच सरळ आहे : प्रत्येक फाइलीआधी नाव, मालक, परवानग्या आणि आकार सांगणारा 512 बाइटचा मथळा, त्यामागे मजकूर, मग पुढच्या फाइलीचा मथळा. या एकामागून एक रचनेमुळेच, वीज जाण्यापूर्वी डिस्कवर पोहोचलेली पाने सुखरूप असतात. रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन टारला ‘एक्स’, ‘व्ही’, ‘झेड’ आणि ‘एफ’ हे पर्याय याच क्रमाने द्या. तक्रारीचा संदेश येईपर्यंत तो पाने बाहेर काढत राहील. पडद्यावर शेवटी दिसलेले पान बहुधा अर्धेच असेल, ते उघडून तपासा.

पिळून लहान करण्याचे काम जीझिपचे. झाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी 1992 मध्ये तो आणला. मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो नव्याने लिहिण्याऐवजी ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे घे’ अशी खूण तो ठेवतो आणि त्यासाठी 32 किलोबाइट मागेपर्यंत पाहतो. मराठी मजकुराला याचा विशेष फायदा होतो. अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत ‘ठाणे’ या शब्दाला ठ, काना, ण आणि मात्रा मिळून 12 बाइट लागतात; प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट असून पहिला सर्वत्र एकच, तर दुसरा दोनच पर्यायांपैकी एक असतो. त्यात तुमच्या यादीत प्रकाशकांची आणि लेखकांची नावे पुन:पुन्हा येणार. जेपेगमध्ये मात्र ही पुनरावृत्ती चित्र साठवतानाच काढून टाकलेली असते. तेथे जीझिपऐवजी बीझिप-2 किंवा एक्सझेड हे पिळण्याचे दुसरे प्रोग्राम वापरूनही वेळच खर्च होईल, म्हणून चित्रांसाठी नुसता टार पुरे.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर एवढे लांबवले ती सांगतो. फाइल दिसते म्हणजे ती पूर्ण आहे, असे कधीही धरू नका. मीही एकदा, कोपरखैरण्याच्या घरी, असेच धरून चाललो आणि वडिलांच्या पत्रांचे स्कॅन गमावले. ते दु:ख अजून आहे. जीझिप आपल्या फाइलीच्या अगदी शेवटी 8 बाइट ठेवतो, त्यांत मूळ मजकुराची तपासणी-बेरीज (मजकुरावरून काढलेला, तो शाबूत आहे का हे पडताळण्याचा आकडा) आणि लांबी असते. जीझिपला ‘टी’ हा पर्याय दिला की तो सगळी फाइल मनातल्या मनात उलगडून ती बेरीज जुळवतो. तुमच्या फाइलीत तो शेवटच नाही, म्हणून ही कमांड त्या सकाळीच बोलली असती. साध्या टारमध्ये मजकुराची अशी बेरीज नसते, ती फक्त मथळ्याची असते. त्यामुळे नावांची यादी नीट आली तरी पाने शाबूत असल्याची खात्री होत नाही. लिनक्सवरील ग्नू टारचा ‘डी’ पर्याय गाठोड्यातील प्रत्येक फाइल डिस्कवरच्या मूळ फाइलीशी ताडून पाहतो. मूळ फोल्डर पुसण्यापूर्वीच तो चालवावा लागतो, हे उघड आहे.

प्रश्न : टार चालवल्यावर फोल्डरमध्ये ‘झेड’ एवढ्याच नावाची फाइल तयार झाली. ती काढून टाकू का? (नेरूळ)

उत्तर : काढू नका, तुमचे गाठोडे बहुधा त्यातच आहे. आडव्या रेघेनंतर तुम्ही ‘सी’, ‘एफ’, ‘झेड’ असा क्रम लिहिला असणार. ‘एफ’च्या लगेच पुढे जे येते ते टार फाइलीचे नाव समजतो, म्हणून ‘एफ’ नेहमी शेवटी लिहावा. त्या फाइलीला टारचे नाव द्या, यादी पाहा आणि मग जीझिप करा.