ग्रीन कार्डची मुलाखत मुंबईऐवजी दुसरीकडे देता येते का?

१ नोव्हेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने इमिग्रंट व्हिसाच्या (ज्यावर अमेरिकेत जाऊन ग्रीन कार्ड मिळते त्या व्हिसाच्या) मुलाखतीच्या जागेचा नियम आवळला. अर्जदार जिथे राहतो तिथल्या वकिलातीत मुलाखत होईल, किंवा त्याने मागणी केली तर तो ज्या देशाचा नागरिक आहे तिथे. वैद्यकीय किंवा मानवतावादी आणीबाणीसारखे अपवाद आहेत, पण ते विरळा. जिथे अमेरिकेचे नेहमीचे व्हिसाकाम बंद आहे अशा देशांसाठी दुसरी ठिकाणे नेमून दिली आहेत. आपल्या वाचकांचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हापासून केस हलवण्याबद्दल बरीच पत्रे आली, त्यातली निवडक इथे घेतो.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अनेक वर्षे शारजात राहतो. अमेरिकेतल्या भावाने २००६ साली माझ्यासाठी अर्ज केला होता. आता एनव्हीसीचे (अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरचे) पत्र आले असून केस नंबर ‘बीएमबी’ने सुरू होतो. म्हणजे मुलाखत मुंबईला, असे कळले. अबू धाबीला केस नेली तर काम लवकर होते, असे इथले लोक सांगतात. न्यावी का, आणि कशी?

‘कशी’ सोपे आहे, ते आधी सांगतो. वकिलातीला मेल टाकत बसू नका, अबू धाबीलाही नाही आणि मुंबईलाही नाही. मागणी एनव्हीसीकडेच, म्हणजे न्यू हॅम्पशायरमधल्या त्या केंद्राकडे, त्यांच्या वेबसाइटवरच्या पब्लिक इन्क्वायरी फॉर्ममधून करायची. मजकूर चार ओळींचा पुरे : केस नंबर, अर्जदाराचे नाव व जन्मतारीख, अर्ज करणाऱ्या भावाचे नाव, आणि ‘आम्ही अमुक तारखेपासून शारजात रहिवासी व्हिसावर राहतो, तरी मुलाखत अबू धाबी येथे घ्यावी’ एवढे वाक्य. रहिवासाचा पुरावा मागू शकतात, म्हणून एमिरेट्स आयडी, व्हिसा आणि दोघांपैकी कुणाच्या तरी नावावरचा भाडेकरार स्कॅन करून हाताशी ठेवा. अमिरातीतले इमिग्रंट व्हिसाचे काम अबू धाबीत चालते. दुबई जवळ आहे म्हणून दुबई मागू नका. केस नंबरातली ‘बीएमबी’ अक्षरे केस हलल्यावरही तशीच राहतात, त्यावरून घाबरू नका.

यात लोक जिथे अडकतात ती जागा म्हणजे डीएस-२६० या इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममधला सध्याचा पत्ता. आखातातली आपली बहुतेक मंडळी तिथे सवयीने गावाकडच्या घराचा पत्ता टाकतात, कारण पासपोर्टवर तोच असतो. मग एका हाताने ‘मी शारजात राहतो’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने सातारा जिल्ह्यातला पत्ता द्यायचा, असा प्रकार होतो. फॉर्म सबमिट झाला असेल तर तो पुन्हा उघडून द्यावा, अशी विनंती एनव्हीसीला करा आणि पत्ता दुरुस्त करून मगच बदलीचे विचारा.

आता ‘न्यावी का’. लवकर उरकते ही समजूत अर्धवट आहे. एफ-४ वर्गाची (अमेरिकी नागरिकांच्या भावंडांच्या व्हिसाची) मोठी रांग वकिलातीप्रमाणे लागत नाही, जन्माच्या देशाप्रमाणे लागते. भारतात जन्मलेल्या भावंडांच्या वर्गात २०२५ च्या अखेरीस २००६ सालचे अर्ज चालू होते, आणि तो आकडा मुंबईला जो, तोच अबू धाबीला. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे मूळ अर्ज दाखल झाल्याची आणि रांगेतली जागा ठरवणारी तारीख, कुठेही गेलात तरी बदलत नाही. वकिलातीनुसार बदलते ती शेवटची थोडी वाट : कागदपत्रे एनव्हीसीने पूर्ण ठरवल्यापासून मुलाखतीची तारीख मिळेपर्यंतची. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर त्यासाठी आयव्ही शेड्युलिंग स्टेटस टूल आहे. मुंबईत कोणत्या महिन्यात पूर्ण झालेल्या केसेसना तारखा देत आहेत आणि अबू धाबीत कोणत्या, हे त्यात दिसते. दोन्ही बघून ठरवा, ओळखीच्यांच्या सांगण्यावरून नको.

माझे मत विचाराल तर प्रश्न वेगाचा नाहीच. पुढचे वर्षभर तुमची नोकरी तिथे पक्की आहे का, हा आहे. आखातातला रहिवास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्या मुदतीत देश सोडावा लागतो, आणि अबू धाबीला नेलेली केस पुन्हा मुंबईला आणायची वेळ येते. निवृत्ती जवळ आली असेल तर मुंबईच बरी. नोकरी ठाम असेल तर जरूर न्या, दोघांचा विमानखर्च आणि रजा वाचेल. भरलेली फी (दर माणशी ३२५ डॉलर आणि आय-८६४ च्या, म्हणजे अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या आर्थिक हमीपत्राच्या, छाननीचे १२० डॉलर) बदलीमुळे पुन्हा भरावी लागत नाही.

पोलीस सर्टिफिकेटच्या बाबतीत मात्र सुटका कुठेच नाही. ते मुलाखतीच्या जागेवर ठरत नाही, तुम्ही कुठे राहिलात त्यावर ठरते. भारताचेही लागेल आणि अमिरातीचेही, मुलाखत कुठेही असो.

प्रश्न : आई-बाबा सध्या सहा महिन्यांसाठी बहिणीकडे लंडनला आले आहेत. त्यांची केस माझ्या नावाने चालू आहे. ते तिथे आहेत तोवर मुलाखत लंडनला उरकता येईल का?

नाही. व्हिजिटर व्हिसावर राहणे म्हणजे रहिवास नव्हे. पूर्वी एखादी वकिलात केवळ तिथे हजर असलेल्या माणसाची केस स्वतःच्या अधिकारात घेत असे, आता तो भरवसा धरू नका. त्यांना सुट्टी निवांत घालवू द्या आणि मुलाखत मुंबईला बीकेसीतच देऊ द्या.

प्रश्न : आमच्या कुटुंबाची केस पुण्याच्या पत्त्यावरून मुंबईला आहे. मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि कॅनडात ओंटारिओला शिकतो. त्याची एकट्याची मुलाखत कॅनडात ठेवता येईल का? आणि एकवीस पूर्ण झाली म्हणून तो केसमधून बाहेर तर पडणार नाही ना?

दुसरी काळजी मोठी आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करतो. चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टमध्ये मुलाचे वय जन्मदाखल्यावरून सरळ धरत नाहीत. व्हिसा नंबर उपलब्ध झाला त्या दिवशीचे वय घ्यायचे आणि मूळ अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून होता तितका काळ त्यातून वजा करायचा. समजा तुमची तारीख चालू झाली (म्हणजे रांग तुमच्या प्रायॉरिटी डेटपर्यंत आली) तेव्हा तो बावीस वर्षे चार महिन्यांचा होता आणि आय-१३० (नातेवाइकाने केलेला मूळ अर्ज) मंजूर व्हायला तीन वर्षे लागली होती. तर कायद्याच्या हिशेबात तो एकोणीस वर्षे चार महिन्यांचा, म्हणजे सुरक्षित. पण एक अट आहे : तारीख चालू झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्याच्यासाठी पुढचे पाऊल टाकलेले असले पाहिजे. म्हणून त्याचा डीएस-२६० आधी भरून सबमिट करा, केस कुठे चालवायची हा वाद नंतर. दोन्ही तारखा (अर्ज दाखल आणि अर्ज मंजूर) यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) नोटिशीवर छापलेल्या असतात. त्या काढून हा हिशेब स्वतः कागदावर मांडा. आणि व्हिसा हातात येऊन अमेरिकेत पाऊल ठेवेपर्यंत त्याचे लग्न होता कामा नये. घरात स्थळे बघायची घाई सुरू असेल तर ती थांबवा.

मुलाखतीचे म्हणाल तर दोन्ही मार्ग खुले आहेत. तो भारतीय नागरिक आहे म्हणून मुंबईला देऊ शकतो, आणि कॅनडात राहतो म्हणून तिथेही. कॅनडातले इमिग्रंट व्हिसा मॉन्ट्रियलला होतात, आणि मॉन्ट्रियल गेली काही वर्षे लांब रांगेसाठीच ओळखले जाते. शिवाय तो तुमच्यामागून येणारा अर्जदार आहे. मुख्य अर्जदाराला, म्हणजे तुम्हाला, व्हिसा मिळाल्याशिवाय त्याला मिळणार नाही, आणि तुमच्या आधी तो अमेरिकेत शिरूही शकत नाही. दोन वकिलातींमध्ये फाइल फिरवण्याची ही उस्तवार कशाला? परीक्षा आडवी येत नसेल तर त्याला एका फेरीसाठी बोलवा आणि सगळे एकाच दिवशी मुंबईला मुलाखत द्या.

मात्र तो निघण्यापूर्वी दोन गोष्टी तिथूनच व्हायला हव्यात. एक, कॅनडाचे पोलीस सर्टिफिकेट, तेही आरसीएमपीचे (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांचे), बोटांच्या ठशांवर दिलेले. दोन, त्याच्या पासपोर्टवरचा कॅनडाचा व्हिसा संपलेला नाही ना, हे बघणे. स्टडी परमिट चालू असते आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो, असे पुष्कळदा होते. मग मुलगा पुण्यात अडकतो आणि सेमिस्टर तिकडे सुरू होते. वैद्यकीय तपासणी भारतात, मुंबई वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच.

प्रश्न : कंपनीने माझे आय-१४० (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डचा अर्ज) केले तेव्हा मी एच-१बी वर अमेरिकेत होतो. आता पुण्यात परत आलो आहे. एनव्हीसीकडून काहीच कळत नाही. मुंबईला केस कशी आणायची?

तुमची केस एनव्हीसीकडे गेलेलीच नसावी. आय-१४० मध्ये एक रकाना असतो : व्हिसा परदेशातल्या वकिलातीतून घेणार, की अमेरिकेत राहूनच स्थिती बदलणार, म्हणजे तिथेच ग्रीन कार्ड घेणार. तुम्ही तेव्हा तिथे होता, त्यामुळे वकिलांनी बहुधा दुसरा पर्याय भरला आणि मंजूर फाइल यूएससीआयएसकडेच राहिली. आय-१४० ची मंजुरीची नोटीस नीट वाचा, फाइल कुठे पाठवली हे तिच्यावर लिहिलेले असते.

ती फाइल तिथून एनव्हीसीकडे पाठवण्यासाठी आय-८२४ हा अर्ज आहे. तो तुम्ही नाही, कंपनीने करायचा. त्यामुळे खरा प्रश्न असा की कंपनी अजून तुम्हाला ती नोकरी देऊ इच्छिते का. नसेल तर फाइल हलवून हाती काही लागत नाही. असेल तर घाई किती करायची हे तुमच्या तारखेवर ठरवा. भारतातल्या ईबी-२ ची (नोकरीवर आधारित दुसऱ्या वर्गाची) रांग २०२५ अखेर २०१३ सालापाशी होती. तुमची तारीख २०१९ ची असेल तर आज आय-८२४ भरून केवळ एनव्हीसीच्या कपाटात जागा अडेल. तारीख जवळ आली की भरा, पण अगदी शेवटच्या क्षणी नको, त्या अर्जालाही महिने लागतात.

प्रश्न : मुंबईच्या मुलाखतीचे पत्र आले आहे, मेडिकलही झाले. मध्येच पतीला सिडनीला नोकरी लागली आणि आम्ही महिन्याभरात निघतोय. केस सिडनीला हलवू का?

मुलाखत देऊन मग जा. आत्ता हलवलीत तर हातातली तारीख जाईल, ऑस्ट्रेलियातल्या नेमलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल पुन्हा करावे लागेल, आणि नव्या रांगेत उभे राहाल. मेडिकल साधारण सहा महिनेच चालते आणि व्हिसाची मुदत त्याच्या पलीकडे जात नाही, हेही लक्षात ठेवा. सिडनीला जायचा दिवस पुढे ढकलणे सोपे पडेल.

मुलाखतीत २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली, म्हणजे एखादा कागद कमी पडला किंवा चौकशी बाकी राहिली, तर तो कागद मुंबईलाच द्या. निर्णय जिथे अर्धा झाला आहे तिथून फाइल उचलायला जाऊ नका. आणि काहीही झाले तरी वर्षभर गप्प बसू नका. व्हिसा उपलब्ध असल्याची सूचना मिळाल्यावर एका वर्षात अर्ज पुढे नेला नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते.

प्रश्न : एक एजंट पन्नास हजार रुपयांत ‘दुसऱ्या देशात केस ट्रान्सफर’ करून देतो म्हणतो. तिथे मुलाखत सोपी असते म्हणे.

केस हलवण्याची मागणी करायचा एनव्हीसीचा फॉर्म फुकट आहे. पन्नास हजारांत तो तुम्हाला विकतो आहे तो बहुधा खोटा भाडेकरार. अधिकाऱ्याने तो पकडला तर ‘खोटी माहिती दिली’ हा शेरा लागतो, आणि व्हिसाची दारे कायमची बंद होऊ शकतात. त्याला पैसे दिले असतील तर मागा, आणि त्याने तुमच्या नावाने आधीच काही कागद भरले आहेत का, हे तुमच्या सीईएसी खात्यात (डीएस-२६० आणि कागदपत्रे जिथे भरतात त्या परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन खात्यात) जाऊन आजच तपासा.