एचओएतलं घर घेताय? आधी कागद मागा

अमेरिकेत एचओएतलं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या वसाहतीतलं, घर घेताना महिन्याची वर्गणी किती, एवढंच विचारून थांबू नका. राखीव निधीचा अहवाल मागा. निधी गरजेच्या ३० टक्क्यांच्याही खाली असेल, तर रस्ते किंवा क्लबहाउसचं छप्पर दुरुस्तीला आलं की जादा वर्गणी घरोघरी माथी बसू शकते. वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तंही चाळा. खरी भांडणं तिथेच सापडतात.

कुंपण, रंग, डेक, कशालाही हात लावण्याआधी एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीची लेखी मंजुरी घ्या. अर्जाला प्लॉटचा सर्व्हे जोडा, त्यावर कुंपणाची रेघ आखा, उंची आणि रंगाचा कोड लिहा. नुसतं ‘बेज’ लिहिलं तर अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. बोर्डावरचा शेजारी ‘करा हो, चालतं’ म्हणाला, तर त्याला काडीची किंमत नाही. शहराचा परवाना लागत असेल तर तो वेगळा. स्वतःच्या छपरावर एक मीटरपर्यंतची टीव्हीची डिश लावायला मात्र सरसकट बंदी घालता येत नाही. एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा, तसा नियमच आहे.

दंडाची नोटीस आली, तर मुदतीत लेखी सुनावणी मागा. रागाच्या भरात वर्गणी थांबवू नका: थकबाकीपोटी घरावर लीन, म्हणजे कायदेशीर बोजा, चढतो आणि बऱ्याच राज्यांत त्यावरून घर लिलावातही निघू शकतं.