मुल्हेर किल्ल्यावरचा राजवाडा बघायला जावं का, की तिथे नुसते दगडच आहेत?

तुम्ही लिहिलंय की साल्हेर ठरलाय, मग वाटेत मुल्हेर चढून तिथला राजवाडा बघावा का, कारण फोटोत तर फक्त दगडच दिसतात. मी नाशिकचा, बागलाणात बरेचदा जाणं होतं, आणि माझं उत्तर एकच, जाच. फक्त सज्जे, नक्षीचे खांब, छत असलं काही डोक्यात ठेवून चढू नका. तसा उभा वाडा बघायचा असेल तर चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आहे ना, तो गावातच आहे, सोग्रस फाट्यावरून थोडंसंच पुढे.

मुल्हेरच्या माथ्यावर पडक्या भिंती आणि जोती उरलीत, बाकी सगळं गवतात. पण हे कुणा किल्लेदाराचं घर नव्हतं हो, ही एका अख्ख्या राज्याची राजधानी होती आणि हेच लोकांना माहीत नसतं. बागलाणचे बागुल राजे, त्यांची गादी इथे. नाशिकहून जाणारी पोरं थेट साल्हेरला पळतात, कारण तो राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १६७२ ची लढाई तिथली, आता युनेस्कोच्या यादीतही आलाय, सगळं खरं आणि अभिमानाचंच आहे, पण मुल्हेर रस्त्यातच असून त्याच्याकडे कुणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा व्यापाराचा मार्ग या मुलखातून जायचा. म्हणजे बंदराकडे जाणारा माल बागुलांच्या हद्दीतून, पैसा इथूनच आला. मुल्हेरच्या टांकसाळीत महमुदी नावाचं चांदीचं नाणं पडायचं आणि ते सुरतेच्या बाजारात चालायचं. आणि दरबार पण कसा, तर नारायणशहा राजाच्या पदरी रुद्रकवी होता, त्याने १५९६ मध्ये या घराण्यावर 'राष्ट्रौढवंश' नावाचं २० सर्गांचं संस्कृत महाकाव्य लिहिलं, त्यात या गडाला मयूरगिरी म्हटलंय. ज्या जोत्यांवर आज गुरं बसतात तिथे हा दरबार होता, एवढं लक्षात ठेवून बघा, मग ते नुसते दगड राहत नाहीत.

संपलं कसं ते पण सांगतो. १६३८ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मोगलांनी मुल्हेरला वेढा घातला, खालची वस्ती आधी गेली, वर राजा बहिर्जी अडकला, शेवटी त्याने आपल्या आईला वकिलाबरोबर किल्ल्यांच्या चाव्या देऊन पाठवलं. बदल्यात त्याला सुलतानपूर परगणा मिळाला आणि राज्य गेलं. शाहजहानच्या दरबारी इतिहासात बागलाणची मोजदाद आहे, ९ किल्ले, ३४ परगणे, १००१ गावं. हे सगळं एका वेढ्यात. पुढे मराठे, मग पुन्हा मोगल, पेशवाई, आणि १८१८ ला इंग्रज.

आता वर काय बघायचं ते. माचीवर गणेश मंदिर आणि तळं, जवळच सोमेश्वर मंदिर, ही दोन्ही घाईत उरकू नका, नाहीतर लोक लगेच बालेकिल्ल्याकडे सुटतात. वर पोचलात की ओळीने खोदलेली पाण्याची टाकी लागतात, मोती टाकं मोठं आहे, राजवाड्याचे अवशेष आणि भडंगनाथाचं मंदिर तिकडेच. आपल्याकडच्या वाड्यांत खालचं जोतं दगडी आणि वरचा सांगाडा लाकडी असायचा, माणसं गेली की छप्पर बसतं, मग पावसाळे भिंती खातात, म्हणून खालचंच उरतं. चिऱ्यांच्या ओळी पायाखाली शोधत फिरा, खोल्या कुठे वळायच्या ते कळायला लागतं. गाईडची गरज नाही, पण गावातलं कुणीतरी बरोबर घ्या, वाटा फुटतात आणि गवत वाढलं की काही दिसत नाही. आणि एक कळकळीची विनंती, त्या जोत्यांवर चूल मांडू नका, चिरे उचलून चुलीला लावलेले मी बघितलेत, फार जिवाला लागतं ते.

नाशिकहून पिंपळगाव, सोग्रस, देवळा, सटाणा, ताहाराबाद करत मुल्हेर. पहाटे निघालात तर एका दिवसात होतं, पण साल्हेर त्याच दिवशी कोंबू नका, दोघांचाही कचरा होतो. रात्री गावात राहा. कोजागिरीच्या आसपास जमत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात रासक्रीडा असते, केळीच्या पानांनी सजवलेलं मोठं चक्र वर चढवतात आणि रात्रभर पदं म्हणतात. तेव्हा गवत अजून हिरवं असतं, त्यामुळे जोती शोधायला थोडा त्रास होईल. फक्त अवशेषच नीट बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी धरा, आणि पाणी खालूनच भरून न्या.