चाल आप्पांची, विचारायचं आप्पांनाच

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक मुलगी जर्मनीत लाइपझिगला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं पत्र सहा पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं सांगते. तिचे वडील, आप्पा, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं झील धरतात, म्हणजे मुख्य गाणाऱ्यामागे ओळ उचलतात. तिकडे गेल्यावर तिनं घरी सांगितलं की अभ्यासामुळे गाणं सुटलं. खरं तर ती विद्यापीठाच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, ऑल्टो गाते (बायकांमधला खालचा आवाज), आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर प्राग, ब्रनो, व्हिएन्ना असा दहा दिवसांचा दौराही करून आली. मार्चमध्ये सुटीला घरी आल्यावर देवळात हरिपाठाला बसली आणि तिच्या गळ्यातून चालीऐवजी भलताच सूर निघाला. मंडळी हसली. आप्पांनी टाळ खाली ठेवला. चार दिवसांनी चुलतभावानं तिचा चर्चमध्ये गातानाचा व्हिडिओ त्यांना दाखवला. तेव्हापासून फोनवर 'जेवलीस का' यापुढे त्यांचं बोलणं सरकत नाही. आता कॉयरचे संचालक म्हणतात, पुढच्या दौऱ्यासाठी तुझ्या घरचं एखादं गाणं आण, चार आवाजांत बसवू. तिच्या मनात आप्पांची चाल आहे. ती विचारते, 'अक्का, कॉयर सोडू का? आणि चाल देऊ का?'

बाळ, कॉयर सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

देवळातल्या रात्रीबद्दल तू लिहिलंयस, 'आप्पा सा वर होते आणि मी ग वर. ते रे वर गेले तर मी म वर. मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.' हे वाचून मी वही मिटली आणि पेटीवर ते दोन-दोन सूर एकत्र दाबून बघितले. गोड लागतात गं. तू बेसूर झाली नव्हतीस. दोन वर्षं तू ज्या जागेवर उभी आहेस, तिथे चाल सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या बायका, घेऊन जातात. ऑल्टोच्या वाट्याला ती क्वचितच येते. तिनं चालीच्या अंगाला लागून दुसरा सूर धरायचा आणि ढळायचं नाही. शिवाय आपल्याकडे तंबोरा सा सोडत नाही, सगळं गाणं त्या एका खुंटीला बांधलेलं असतं. तिकडे खालचे खर्जातले सूर सरकत राहतात. तू एकच सूर लांबवलास तरी आत्ता तो पंचम असतो आणि पुढच्या क्षणी गंधार. त्यात वाढलेला कान देवळात बसल्या बसल्या बदलणार कसा? 'माझा सा हरवला' असं तू लिहिलंयस, ते मला पटत नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं मोबाइलवर तंबोरा लाव आणि नुसता सा धरून बस. कान दोन्ही घरं ओळखायला लागेल. आपल्या भागातली पोरं घरात मराठी, बसस्टँडवर कन्नड आणि बेळगावच्या कॅम्पात कोकणी बोलतात, ती कुठे अडखळतात?

पण आप्पांनी टाळ ठेवला, यात मी त्यांच्या बाजूची आहे. भजनात दहा गळे एक होतात, तेच त्याचं सुख. तिथे न विचारता दुसरा सूर घालणं म्हणजे चालत्या दिंडीत आडवं येणं. तुझ्याकडून नकळत झालं, हे खरंच. पण मंडळी हसली ती त्यांच्यादेखत, आणि पोरगी त्यांचीच. त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार तुझ्या सहा पानांत मला एका ओळीपुरताच दिसला.

आता चर्चचं. तुला वाटतं आप्पा त्यामुळे दुखावलेत. मला नाही वाटत. तूच लिहितेस की तुमच्या मंडळात रात्र चढली की कर्नाटकातल्या संत पुरंदरदासांची पदं निघतात आणि आप्पा ती डोळे मिटून म्हणतात. भाषा कन्नड, शेवटी नाममुद्रा 'पुरंदर विठ्ठल'. ज्या माणसाला देव दुसऱ्या भाषेत चालतो, त्याला दुसऱ्या छपराखालचा सूर समजावून सांगता येतो. ज्या पेटीवर मंडळ सूर धरतं, ती तरी कुठली? १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झाली. ज्या चर्चना मोठा ऑर्गन परवडत नसे, तिथेही ती वाजायची. पुढे कोलकात्यात तिला हातानं भाता मारायची सोय झाली आणि ती आपल्या मांडीजवळ आली. आणखी एक. कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. ते लहानपणी मुंबईत ज्या देवधर मास्तरांकडे शिकले, ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केला होता. आप्पांना कुमारजी आवडतात म्हणतेस, तर हे त्यांना नक्की सांग. मात्र वाद जिंकण्यासाठी सांगू नकोस, गप्पांच्या ओघात येऊ दे.

मी अकरावीत असताना बेळगावातल्या शहापुरात गाणं शिकत होते. माझी एक मैत्रीण कॅम्पातली, कोकणी ख्रिश्चन. नाताळच्या आधी त्यांच्या चर्चमध्ये तालीम असायची, मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. घरी सांगायचे की क्लासला जाते. एका शेजारणीनं मला तिथून बाहेर पडताना बघितलं. त्या रात्री आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'चर्चला गेलीस त्याचं काही नाही. मला शेजारणीकडून का कळावं?' तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. पुढच्या नाताळाला मी तिला बरोबर घेऊन गेले. ती अर्धा तास बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, 'पोरं दम चांगला राखतात.'

तुझ्या आप्पांचंही दुखणं हेच आहे. गाणं सुटलं असं तू सांगितलंस, तेव्हा ते गप्प बसले असतील, पण आतून खचले असतील. चाळीस वर्षं झील धरणाऱ्याची पोरगी गाणं सोडते, हे त्यांनी तुझ्या शिक्षणासाठी पचवलं. मग कळलं की गाणं सुटलेलंच नव्हतं, फक्त त्यांच्यापासून लपवलं होतं. हे जास्त लागतं.

आणि पैसा. तुझ्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांच्या वर, बँकेत अडकवून दाखवावे लागले. त्यासाठी भाताचं शेत गहाण पडलंय. ज्यानं शेत गहाण टाकलं त्याच्या डोळ्यांपुढे पोरगी दौऱ्यावर गात उभी असल्याचा व्हिडिओ आला, की पहिला प्रश्न हाच उठणार: याला पैसे कुठून आले? तू बेकरीत पहाटेची पाळी करून दौऱ्याचे पैसे उभे केलेस, रात्री तिकडच्या गायकांच्या घरी जमिनीवर गादी टाकून झोपलीस, हे मला लिहिलंस. त्यांना लिहिलंस का? आकड्यानिशी सांग. इतके तास, इतके युरो, बसला इतके. शेतकऱ्याला हिशेब कळतो, आणि दिलेल्या हिशेबाचा मान वाटतो.

आता चालीचं. संचालकांना अजून काही कळवू नकोस. ही चाल आप्पांना त्यांच्या वडिलांकडून आली. अभंग सगळ्यांचा असतो, पण ही चाल त्या घरची आहे. आधी आप्पांना विचारायचं, आणि ते नको म्हणाले तर द्यायची नाही. दुसरं काही शोध. आप्पांना न कळवता ती चाल व्हिएन्नात वाजली आणि व्हिडिओ पुन्हा चुलतभावाच्या मोबाइलवर आला, तर मग 'जेवलीस का' हेही थांबेल.

ते हो म्हणाले तर संचालकांशी नीट बोल. दर मात्रेला खालचे सूर बदलत गेले तर चालीचा जीव जाईल. खर्जाच्या पुरुषांना नुसता सा आणि पंचम धरायला सांग, तंबोऱ्यासारखा. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. तुमच्याकडे लांब सूर तुटू नये म्हणून गायक पाळीपाळीनं, शेजाऱ्याला चुकवून श्वास घेतात असं लिहिलंयस. झीलकरी दुसरं काय करतात? एकाचा दम संपला की दुसरा उचलतो. आणि जर्मन मंडळींना 'ळ' म्हणता येईपर्यंत पाठ सोडू नकोस. 'टाल' म्हणून कुणी टाळ वाजवलेला मला सहन होणार नाही.

(दौरा ब्रिटनला असेल तर जर्मनीत राहण्याच्या तुझ्या परवान्यावर तिथे जाता येणार नाही, वेगळा व्हिसा लागतो. आत्ताच चौकशी कर.)

आप्पांना चर्चमधला व्हिडिओ पाठवू नकोस. त्यात उंच छप्पर आणि काळे कपडेच आधी दिसतात. तालमीच्या खोलीत एकटीनं तुझी ऑल्टोची ओळ मोबाइलवर म्हण. मागे कुणी नको, चाल नको. ती ओळ एकटी ऐकली की अर्धवट वाटते, कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखी. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या गाण्यामागे उभं राहून सूर पुरवला, त्याला ती लगेच ओळखू येईल.

पण त्याआधी फोन कर, आणि पहिलं वाक्य हे असू दे: 'आप्पा, मी तुमच्याशी खोटं बोलले.' कारणं लगेच देऊ नकोस. ते गप्प राहिले तर तूही गप्प राहा, फोन ठेवू नकोस. कार्तिकी एकादशीला गावात रात्री नऊला भजन उभं राहतं, तेव्हा तुझ्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. त्याच्या तासभर आधी लाव. आप्पा तेव्हा देवळाच्या पायरीवर टाळ पुसत बसलेले असतात, असं तूच लिहिलंयस.