‘सर्पदंशाची लस’ म्हणावे का?

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने, जी नर्सिंगच्या प्रवेशासाठी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राथमिक अभ्यास करीत आहे, असे विचारले आहे की, ‘आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नव्हती’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांत येतात. पण पुस्तकात लस ही रोग होण्यापूर्वी द्यायची असते, तर मग साप चावल्यावर देतात तिला लस म्हणणे बरोबर आहे का? शिवाय तिची आजी ‘जखमेतून लस येते’ असे म्हणते, ती लस कोणती?

आजीची लस ही मूळची. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, किंचित चिकट द्राव म्हणजे लस, आणि पू होण्यापूर्वीचे ते पाणी आजही घरोघरी याच नावाने ओळखले जाते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेच्या आत असणाऱ्या आणि व्रणात दिसणाऱ्या उदकाला ‘लसीका’ म्हटले आहे; शरीररचनेच्या आजच्या पुस्तकांतील लसीका आणि लसीका ग्रंथी हे शब्द त्याच घराण्यातले.

हा घरगुती शब्द दवाखान्यात कसा गेला, हे देवी या रोगाच्या इतिहासावरून कळते. एडवर्ड जेन्नर याने १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरील गोस्तन देवीच्या, म्हणजे गायीपासून होणाऱ्या देवीसारख्या सौम्य रोगाच्या, फोडातला द्राव घेऊन तो जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. पुढे अनेक वर्षे हीच रीत चालली: एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस काढायची आणि दुसऱ्याच्या दंडात टोचायची. भारतात ही लस बसऱ्यामार्गे मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. म्हणजे त्या काळी ‘लस टोचणे’ हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा होता, कारण टोचली जात होती ती फोडातली लसच. १८८१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने जेन्नरच्या सन्मानार्थ गायीवरून आलेले ‘व्हॅक्सीन’ हे नाव इतर रोगांवरील अशा सर्व द्रव्यांना द्यावे असे सुचविले. इंग्रजीत गायीचा संबंध सुटला, तसा मराठीत फोडाचा. पोलिओचे तोंडात घातलेले थेंबही आपण निःशंकपणे लसच म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

शब्द एकदा इतका सैल झाल्यावर लोकांनी तो सर्पदंशावरच्या इंजेक्शनलाही लावला, हे स्वाभाविक आहे. तरीही माझ्या मते हा वापर टाळावा, आणि याचे कारण शुद्धतेचा आग्रह हे नाही. लशीतून शरीराला प्रतिजन मिळतो, म्हणजे मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू, त्याचा एखादा भाग अथवा त्याचे निष्प्रभ केलेले विष. तो ओळखून प्रतिपिंडे, म्हणजे त्याला बांधून निकामी करणारी प्रथिने, तयार करण्याचे काम शरीर स्वतः करते. त्याला पहिल्या वेळी साधारण एक ते दोन आठवडे लागतात, पण तो प्रतिजन लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात. सर्पदंशावर जे देतात, त्यात दुसऱ्या प्राण्याने तयार केलेली प्रतिपिंडे आयती असतात. ती तत्काळ विषाला बांधतात आणि काही काळाने नाहीशी होतात; आठवण काही उरत नाही. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या बाबतीत हे तत्त्व दाखवून दिले होते. नाग विषारी आहे म्हणून कोणी काजूच्या बागेत शिरण्यापूर्वी हे इंजेक्शन घेऊन ठेवीत नाही. ‘लस’ म्हटल्यावर मात्र तशी समजूत होऊ शकते.

यासाठी ‘प्रतिविष’ हा नेमका शब्द मराठीत आहे. रुग्णालयात ‘एएसव्ही’ (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात, तेही चालेल. गंमत अशी की, या प्रतिविषाच्या जन्मकथेत लशीचे तत्त्व आहेच, फक्त ते घोड्याच्या वाट्याला येते. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाच्या वाढत्या पण सोसवतील अशा मात्रा दिल्या जातात, त्याचे शरीर प्रतिपिंडे बनवते, आणि त्याच्या रक्तातून ती वेगळी करून शुद्ध करतात. घोड्याची प्रथिने माणसाला परकी असल्यामुळेच प्रतिविष देताना तीव्र ॲलर्जीसाठी डॉक्टर सज्ज असतात. प्रतिविष ज्या विषापासून बनले त्याच्यावरच ते भरवशाचे असते. सत्तरी तालुक्याच्या रानात आढळणारा मलबार चापडा हा विषारी साप या चौघांत नाही, याची नोंद गोव्याच्या विद्यार्थ्याने अवश्य ठेवावी.

खरा घोटाळा होतो तो कुत्रा चावल्यावर. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या कामातून २०१४ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर जी टोचतात, ती निःसंशय लस. माणसाला चावल्यानंतर ठरावीक दिवसांच्या अंतराने दंडात देतात, तीही लसच. चावल्यानंतर दिली म्हणून तिची जात बदलत नाही, कारण विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश सरकत असतो आणि तेवढ्या अवधीत शरीर प्रतिपिंडे बनवू शकते. तेव्हा ‘आधी की नंतर’ हा निकष पुरेसा नाही. ‘प्रतिजन की आयती प्रतिपिंडे’ हा निकष धरावा. जखम खोल असेल तर जखमेच्या आत व भोवती आणखी एक औषध भरतात, ती मात्र आयती प्रतिपिंडे असतात. त्याला ‘रेबीजचे प्रतिपिंड’ किंवा सरळ ‘रेबीज इम्युनोग्लोब्युलिन’ लिहावे. ‘रेबीजच्या दोन लशी दिल्या’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ हा शब्दप्रयोगही असाच दुहेरी आहे. जंतूचे निष्प्रभ केलेले विष असते ती धनुर्वाताची लस. पूर्वी लस न घेतलेल्याला मळकट जखम झाली तर दिली जातात ती आयती प्रतिपिंडे, आणि तेथे रोगजंतूच्या विषावरच मारा असल्याने ‘प्रतिविष’ हा शब्द पुन्हा चपखल बसतो. दोन्ही एकाच वेळी देता येतात, पण वेगवेगळ्या सिरिंजने आणि शरीराच्या वेगवेगळ्या जागी, म्हणून केसपेपरवर दोघांची नावे वेगळी असलेली बरी.