नोराला घरात थांबवायचंय ना, मग शेवटाला हात लावू नकोस

इब्सेनच्या 'डॉल्स हाउस' नाटकाला तू लिहिलेला नवा शेवट दोनदा वाचला. मूळ नाटकात नोरा नवरा हेल्मर आणि पोरांना सोडून निघून जाते, तुझ्याकडे उलटं. हेल्मर हात जोडतो, चुकलं म्हणतो, नोरा बॅग खाली ठेवते आणि पडदा. डायलॉग झकास उतरलेत, खोटं कशाला बोलू. पण पटलं नाही, आणि खाली जो निकाल दिलायस ना, 'नोरा स्वार्थी, पोरं टाकून गेली', तो तर अजिबातच नाही.

हा उद्योग आधीही झालाय. 'डॉल्स हाउस' १८७९ च्या डिसेंबरात स्टेजवर आलं आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत नोरा करणाऱ्या नटीने सांगून टाकलं की मी माझ्या पोरांना सोडून कधीच गेले नसते, शेवट बदला. दुसऱ्या कुणी नाटकाची वाट लावण्यापेक्षा आपणच लावलेली बरी म्हणून इब्सेननेच बदलून दिला, हेल्मर तिला ओढत पोरांच्या खोलीच्या दारापाशी नेतो, ती तिथेच कोसळते, संपलं. आणि त्या शेवटालाच तो रानटी प्रकार म्हणाला. कारण मागचं सगळं तसंच होतं, फक्त शेपूट नवीन चिकटवलेलं. तुझंही तेच झालंय बघ.

आणि माफीचं म्हणशील तर मूळ नाटकात हेल्मर सांगतोच की मी बदलेन, माझ्यात ती ताकद आहे. नोरा म्हणते, कदाचित, तुझी बाहुली तुझ्यापासून काढून घेतली तर. म्हणजे तुझा शेवट नाटकाने आधीच तपासून बाजूला ठेवलाय! उशीर झालाय म्हणून. नोराने बापाची खोटी सही करून गुपचूप कर्ज काढलेलं, ते उघड करणारं सावकाराचं पहिलं पत्र वाचून हेल्मरने तिला खोटारडी, गुन्हेगार म्हटलं, पोरं तुझ्या हाती देणार नाही म्हटलं, आणि त्याच सावकाराच्या दुसऱ्या पत्रात कर्जाचा कागद परत आला तसा ओरडला काय, तर 'मी वाचलो'. ती विचारते, आणि मी? त्या 'मी वाचलो' नंतर कितीही गोड माफी लिही, ऐकवत नाही.

तिला थांबवायचंच असेल तर दोन पत्रांच्या मधे घुस. धोका अजून डोक्यावर आहे, सुटकेचा पत्ता नाही आणि हेल्मर फक्त एवढंच विचारतो, 'पैसे कशाला घेतले होतेस?' उत्तर काय, तर त्याच्याच तब्येतीसाठी, इटलीला न्यायला. बास, तिथे नाटक वळतं. पण मग हा माणूस तुला पहिल्या अंकापासून वेगळा लिहावा लागेल, कारण मूळ हेल्मर पत्रपेटीची किल्ली स्वतःकडे ठेवतो आणि बायकोने गुपचूप गोड खाल्लं का तेही तपासतो, असला माणूस असा प्रश्न विचारणार नाही.

आता निकालाचं. तिने बापाची सही केली, चूकच आहे, आणि तीही किती भाबडी, तारीख टाकली २ ऑक्टोबर, बाप गेलेला २९ सप्टेंबरला. पण तिच्या हातात त्या वेळी काय होतं ते बघ ना. नवरा आजारी, बाप मरणाच्या दारात, आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. आपल्याला तिसरा अंक माहितीये, तिला नव्हता.

मला स्वतःला तिचं जाणं पटतं, पोरांबद्दलचं कारण नाही पटत. मी त्यांना वाढवायच्या लायकीची नाही म्हणते, पण हे तर थोड्या वेळापूर्वी हेल्मर बोललेला! घर सोडताना त्याचाच निकाल बरोबर घेऊन निघते. तिला दोष द्यायचा तर इथे दे, 'स्वार्थी' हा फार स्वस्त शब्द झाला.

अजून एक, दाईचा सीन का कापलास? तिने नोराला वाढवण्याच्या नोकरीसाठी स्वतःची मुलगी सोडलेली, आणि नोरा तिला नेमकं त्याबद्दलच विचारते. तिला कुणी स्वार्थी म्हणत नाही. तो सीन परत घाल, मग निकाल पुन्हा लिही, बघू तेच वाक्य राहतं का.

सध्या फक्त दोन पत्रांमधला सीन लिहून पाठव, दोन पानं पुरे. आणि हेल्मरला रडवू नकोस प्लीज.